ओपन सोर्स प्रकल्पाच्या टेस्ट कशा सुधाराव्यात: बेळगावकडच्या एका ग्रंथयादीवरून

खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयातून फोन आला. शोधखिडकीत ‘दऱ्या’ लिहिलं की एकही पुस्तक सापडत नव्हतं. पुस्तक कपाटात होतं, नोंद केलेली होती, नोंद करणारे गुरुजी समोर बसलेले होते. तरी यंत्र ‘नाही’ म्हणत होतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या साडेतीनशे टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम, मात्र त्या दिवशीही हिरव्या होत्या. हिरवी म्हणजे पास, तांबडी म्हणजे नापास.

सीमाभागातल्या काही वाचनालयांत पुस्तकांची यादी ठेवायला आम्ही चारपाच जण मिळून हे ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, सॉफ्टवेअर सांभाळतो. ते पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आहे. कपाटं मराठी आणि कन्नड अशा दोन्ही पुस्तकांनी भरलेली असतात, त्यामुळे यादीही दोन्ही लिप्यांत चालावी लागते. काम करणारे काही बेळगावच्या टिळकवाडीत, एक निपाणीत, बाकीची इंजिनिअरिंगची मुलं. त्या फोननंतर चार महिने आम्ही नवं काहीच बांधलं नाही, फक्त टेस्ट दुरुस्त केल्या. ते करताना जो क्रम हाताला लागला तो इथे मांडतो. साधनांची नावं पायथनची आहेत, पण रीत कुठल्याही भाषेतल्या प्रकल्पाला लागू पडेल.

माझे मामा उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये तपासणीला होते. साडेतीनशे टेस्ट हिरव्या असूनही चूक सुटली, असं त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “पीस मागनं बघ. आधी गेज बघ की रे.” त्यांच्याकडे भोकाचं माप तपासायला दोन टोकांचं गेज असतं. एक टोक आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये. आत जाणारं टोक झिजून बारीक झालं, तर ते लहान पडलेल्या भोकातही जातं आणि ते गेज खराब पीसही पास करतं. आमच्या बऱ्याच टेस्टची तीच गत झालेली होती.

पहिलं काम: काहीही न बदलता मोजणं

नवा प्रकल्प हातात घेतलात की पहिल्या दिवशी एकही टेस्ट लिहू नका. प्रकल्प स्वच्छ उतरवून घ्या, त्याच्या माहितीपत्रात सांगितलंय तसंच चालवा आणि वाटेत जिथे अडाल ते लिहून ठेवा. नव्या माणसाला टेस्ट चालवायला अर्धा दिवस लागत असेल तर तीच पहिली दुरुस्ती, कारण चालवायला जड असलेल्या टेस्ट कुणी चालवत नाही.

मग सगळा संच लागोपाठ पाच वेळा चालवा. किती टेस्ट पास, किती नापास, किती गाळलेल्या आणि एकूण वेळ किती, हे चार आकडे दर खेपेला टिपा. पाचही वेळा सारखेच आकडे आले नाहीत तर संचात लहरी टेस्ट आहेत. गाळलेल्या टेस्टकडे खास लक्ष द्या. आमच्याकडे १९ टेस्ट ‘नंतर बघू’ म्हणून गाळलेल्या होत्या, आणि त्यांतल्या सहा कन्नड शीर्षकांच्या शोधाच्या होत्या. म्हणजे यादीचा एक अख्खा भाग तपासणीबाहेर होता आणि पडद्यावर हिरवंच दिसत होतं.

दुसरं काम: कोड मुद्दाम मोडणं

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. सॉफ्टवेअरमधलं एक महत्त्वाचं वागणं निवडा, त्याचा कोड हाताने बिघडवा आणि टेस्ट चालवा. एखादी तरी टेस्ट तांबडी झालीच पाहिजे. झाली नाही तर त्या वागण्याला टेस्टच नाही असं धरा, मग फाइलचं नाव काही का असेना.

आमचं उदाहरण क्रमवारीचं आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, मात्र तो ‘ल’च्या लगेच पुढे बसवलेला आहे: ‘ल’ ०९३२, ‘ळ’ ०९३३, ‘व’ ०९३५ आणि ‘ह’ ०९३९. म्हणून अक्षरांच्या नुसत्या क्रमांकांवर यादी लावली तर ‘काल, काळ, काव्य’ असा क्रम येतो. मराठी वाचकाला हवा असतो ‘काल, काव्य, काळ’. आमच्या कोडमध्ये मराठी क्रमाची सोय होती आणि तिची टेस्टही होती. मी ती सोयच काढून टाकली, पायथनची साधी क्रमवारी ठेवली आणि टेस्ट चालवली. ती हिरवीच राहिली.

टेस्ट उघडून बघितली तर तिच्यात दोनच शब्द होते, ‘काल’ आणि ‘काळ’. हे दोन शब्द दोन्ही पद्धतींत त्याच क्रमाने येतात. लिहिणाऱ्याने ‘ळ’चा विचार केला होता, पण बरोबर आणि चूक यांना वेगळं पाडणारा शब्दच घेतला नव्हता. ‘काव्य’ हा एक शब्द घातल्याबरोबर टेस्ट तांबडी झाली. मराठी क्रम परत जोडल्यावर ती हिरवी झाली.

नवी टेस्ट लिहिताना हीच शिस्त ठेवा. आधी तांबडी बघायची, मग हिरवी. जी टेस्ट तुम्ही स्वतः तांबडी झालेली पाहिली नाही, तिच्यावर भरवसा ठेवू नका. तांबडी झाल्यावर पडद्यावर काय छापून येतं तेही वाचा. ‘खोटं निघालं’ एवढंच दिसत असेल तर उपयोग नाही. अपेक्षित यादी आणि मिळालेली यादी शेजारी शेजारी दिसायला हवी. पायटेस्ट या पायथनच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनामध्ये दोन मूल्यांची थेट तुलना केली की ते आपोआप मिळतं. तुलनेचा निकाल आधी एखाद्या चलात साठवून मग तपासला की हरवतं.

हाताने दहाबारा ठिकाणं मोडून झाली की यंत्राची मदत घ्या. म्युटमट नावाचं साधन कोडमध्ये एकेक लहान बदल करून बघतं, म्हणजे अधिकचं वजा, ‘पेक्षा लहान’चं ‘लहान किंवा समान’, खऱ्याचं खोटं. दर बदलामागे ते टेस्ट चालवतं आणि कुठले बदल कुणाच्या नजरेत न येता सुटले त्याची यादी देतं. सगळ्या कोडवर एकदम लावलं तर रात्रभर चालत बसेल. आम्ही ते शोध, क्रमवारी आणि परतीची तारीख या तीनच फाइलींवर लावलं. सुटलेला प्रत्येक बदल दोष असतोच असं नाही. काही बदलांनी वागण्यात फरकच पडत नाही. तरी त्या यादीतून आम्हाला सात खऱ्या उणिवा सापडल्या.

तिसरं काम: लहरी टेस्ट

कधी पास तर कधी नापास होणारी टेस्ट एखादी जरी असली तरी सगळ्या संचाचा मान जातो. माणसं ‘परत चालव, होईल हिरवं’ म्हणायला लागतात आणि एक दिवस खरा दोषही त्याच वाक्याखाली दडपला जातो. नापास टेस्ट आपोआप दोनतीनदा चालवणारी जोडणी (प्लगइन) मिळते. कारण शोधेपर्यंत तात्पुरती म्हणून ती ठीक आहे, कायमचा उपाय म्हणून मला ती मान्य नाही.

लहरीपणाची कारणं बहुतेक वेळा तीनच निघतात: वेळ, क्रम आणि नेटवर्क.

वेळेचा आमचा किस्सा असा. रात्री साडेबाराला काम करणाऱ्या मुलांना परतीच्या तारखेची टेस्ट तांबडी दिसायची आणि सकाळी मला हिरवी. आमचा कोड ठेवलेल्या गिटहब या सेवेच्या सर्व्हरवर तर ती कायमच हिरवी असायची. कोड जागतिक प्रमाणवेळेवरून तारीख काढत होता आणि टेस्ट लॅपटॉपच्या घड्याळावरून. भारतीय वेळ साडेपाच तासांनी पुढे आहे, म्हणून मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत दोन्ही तारखा वेगळ्या पडतात. गिटहबच्या सर्व्हरचं घड्याळच जागतिक प्रमाणवेळेवर असल्याने तिथे फरक दिसायचं कारणच नव्हतं. दुरुस्ती दोन पायऱ्यांत केली. आधी ‘आज’ची तारीख फंक्शनने (कोडच्या त्या तुकड्याने) स्वतः न शोधता ती बाहेरून द्यावी असा बदल केला. मग ठरावीक क्षण घालून टेस्ट लिहिल्या: रात्री १२:१०, पहाटे ५:२९, पहाटे ५:३१, ३१ डिसेंबर आणि २९ फेब्रुवारी. जिथे फंक्शन बदलता येत नाही तिथे घड्याळ गोठवणारं फ्रीझगन वापरता येतं.

क्रमाचा दोष पकडायला पायटेस्ट रँडमली ही जोडणी बसवा. ती दर वेळी टेस्टचा क्रम पिसते आणि तो क्रम ज्यावरून बनला तो बीज-आकडा छापते, म्हणजे तोच क्रम परत आणता येतो. आमच्याकडे पहिल्याच दिवशी आठ टेस्ट पडल्या. एक टेस्ट सदस्य जोडत होती, दुसरी त्याच सामायिक एसक्यूलाइट डेटाबेस फाइलमधले सदस्य मोजत होती. प्रत्येक टेस्टला तिचं स्वतंत्र तात्पुरतं फोल्डर आणि स्वतंत्र फाइल दिली. पायटेस्टमध्ये त्याची सोय आधीपासून आहे.

नेटवर्कचं सोपं आहे. आयएसबीएनवरून, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकावरून, पुस्तकाची माहिती आणणारी टेस्ट खऱ्या सर्व्हरला विचारत असेल, तर पावसाळ्यात खानापूरकडे बसून ती चालणारच नाही. खरं उत्तर एकदा फाइलमध्ये साठवा आणि टेस्टमध्ये तेच द्या. बाकी टेस्टना नेटवर्क बंदच करून टाका. खऱ्या सर्व्हरची तपासणी हवीच असेल तर ती वेगळी ठेवून आठवड्यातून एकदा चालवा.

चौथं काम: आपल्या भाषेचा माल

आता ‘दऱ्या’कडे येतो. डोळ्यांना एकच दिसणारा हा शब्द संगणकात निदान तीन तऱ्हांनी साठतो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, क्रमांक ०९३१. दुसरीत साध्या ‘र’ला नुक्ता जोडलेला असतो. तिसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह असतं, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. युनिकोडचं एनएफसी हे प्रमाणीकरण पहिल्या दोन तऱ्हा एक करतं, तिसरीला हात लावत नाही.

आमच्या यादीतल्या जुन्या नोंदी तिसऱ्या तऱ्हेच्या होत्या. यादी आत घेताना ‘अदृश्य कचरा’ साफ करणारी एक ओळ कोडमध्ये होती आणि ती झेडडब्ल्यूजे काढून टाकायची. ते चिन्ह गेलं की ‘दऱ्या’ची ‘दर्या’ होते. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला होता, म्हणून गुरुजींना पुस्तक सापडत नव्हतं.

ही टेस्ट लिहिताना शब्द नुसता टाइप करू नका. तुमचा कीबोर्ड तीनपैकी एकच तऱ्हा देतो आणि संपादकात तिन्ही सारख्याच दिसतात. तिन्ही तऱ्हा युनिकोड क्रमांकांनी लिहा आणि शेजारी टिपणी द्या. टेस्टची दोन टोकं गेजसारखीच ठेवा: तिन्ही ‘दऱ्या’ एकमेकींना सापडल्या पाहिजेत, आणि ‘दर्या’ त्यांत सापडता कामा नये. दुसरं टोक विसरलात तर ‘सगळे र सारखेच धरा’ असा चुकीचा उपायही हिरवा ठरेल.

टेस्ट तयार झाल्यावर दोष केव्हा शिरला तेही शोधता येतं. कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये बायसेक्ट ही सोय आहे. गिट बायसेक्टला एक जुनी चांगली आवृत्ती आणि आजची बिघडलेली आवृत्ती द्या, वर ही टेस्ट चालवायला सांगा. ते दर वेळी मधली आवृत्ती तपासून निम्मी यादी बाद करतं. हजार बदलांमधून दोषी बदल साधारण दहा फेऱ्यांत सापडतो. टेस्ट लहरी असेल तर मात्र बायसेक्ट तुम्हाला भलत्याच बदलापाशी नेऊन सोडेल. म्हणून लहरी टेस्टचं काम आधी सांगितलं.

गावांच्या नावांचीही गोष्ट आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातल्या बारा शहरांची अधिकृत नावं बदलली. त्यात बेळगावचं बेळगावी झालं, विजापूरचं विजयपूर, गुलबर्ग्याचं कलबुर्गी. प्रकाशनस्थळाच्या रकान्यात आमच्याकडे ‘बेळगाव’, ‘बेळगावी’ आणि जुन्या पुस्तकांवरचं ‘बेळगांव’ अशी तिन्ही रूपं आहेत. वाचकाने कुठलंही लिहिलं तरी तिन्ही यायला हवीत, पण नोंदीत मात्र पुस्तकावर छापलं आहे तेच राहायला हवं. या दोन वेगळ्या अपेक्षा आहेत, म्हणून टेस्टही दोन. एकाच टेस्टमध्ये दोन्ही कोंबल्या तर ती पडल्यावर नेमकं काय मोडलं ते कळत नाही.

कन्नडकडून देवनागरीत अक्षरं नेणं वरवर फार सोपं वाटतं. युनिकोडमध्ये दोन्ही लिप्यांची अक्षरं समांतर लावलेली आहेत, क्रमांकातून ८९६ वजा केले की कन्नड ‘क’चा देवनागरी ‘क’ होतो. अडतं ते ‘ए’पाशी. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे आहेत, मराठीत तो भेद आपण लिहीत नाही. कन्नडमधल्या ‘बेळगावी’तला ‘बे’ ऱ्हस्व आहे. तो आपल्या नेहमीच्या मात्रेने लिहिला आणि परत कन्नडमध्ये नेला तर दीर्घ होऊन येतो. म्हणजे ‘नेलं आणि परत आणलं की मूळ मिळतं’ अशी टेस्ट आपल्या जिल्ह्याच्या नावावरच पडते. इथे टेस्ट मोडीत काढू नका आणि अपेक्षाही गुपचूप बदलू नका. काय हरवणं मान्य आहे ते प्रकल्पात बोलून ठरवा आणि तेच टेस्टमध्ये लिहा. आम्ही मूळ कन्नड शीर्षक नेहमी जवळ ठेवायचं आणि देवनागरी रूप फक्त शोधापुरतं वापरायचं असं ठरवलं.

पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीसाठी शीर्षक कापताना ‘पहिली अमुक अक्षरं’ म्हणजे काय, हाही प्रश्न येतो. ‘क्षेत्र’ या शब्दात युनिकोडचे सात घटक आहेत आणि आपल्याला दिसतात दोन अक्षरं. अक्षर कुठे तोडायचं याचा युनिकोडचा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत बदलला आणि देवनागरी जोडाक्षरं अखंड धरली जाऊ लागली. जुन्या नियमाने याच शब्दाचे चार तुकडे होतात. त्यामुळे तुमची टेस्ट एका लॅपटॉपवर पास आणि दुसऱ्यावर नापास होऊ शकते. अक्षरं तोडायला जी तयार कोड-लायब्ररी वापरता तिची आवृत्ती नेमकी ठरवून ठेवा.

विंडोजवरही एकदा चालवून बघा. फाइल उघडताना यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची रीत) असं स्पष्ट सांगितलं नसेल, तर आजवर सर्रास वापरात असलेल्या पायथन आवृत्त्या विंडोजची स्थानिक संकेतपद्धती धरतात आणि देवनागरीची माती होते. आमच्यातल्या निम्म्या मुलांकडे विंडोजच आहे. लिनक्सवर हिरवं बघून आम्ही वर्षभर निश्चिंत होतो.

उदाहरणं सुचायची थांबली की हायपोथिसिस हे उदाहरणं बनवणारं साधन वापरा. त्याला देवनागरीची सगळी अक्षरं आणि दोन अदृश्य चिन्हं (झेडडब्ल्यूजे आणि अक्षरं जोडू न देणारं झेडडब्ल्यूएनजे) द्या आणि एक कायम खरा असायला हवा असा नियम सांगा. आमचा पहिला नियम होता, ‘शुद्धीकरण दोनदा केलं तरी एकदा केल्यासारखंच उत्तर यावं.’ ते शेकडो वेडेवाकडे शब्द बनवून बघतं, आणि नियम मोडणारा सापडला की तो लहान लहान करत तुमच्यापुढे ठेवतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. टेस्टसाठी खऱ्या वाचनालयाची सदस्ययादी वापरू नका. ओपन सोर्स कोड सगळ्या जगाला दिसतो, आणि त्यात एखाद्या आजींचं नाव आणि फोन नंबर गेला की गिटच्या इतिहासातून तो काढणं फार कठीण जातं. नावं बनवा, पण इकडची वाटतील अशी बनवा. ‘ळ’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ आणि कन्नड वळणाची आडनावं त्यात येऊ द्या.

कव्हरेज आणि वेग

कव्हरेज म्हणजे टेस्टदरम्यान कोडच्या किती ओळी चालल्या त्याचा आकडा. ओळ चालली म्हणजे तपासली गेली असं नाही. ‘काळ’च्या टेस्टमध्ये क्रमवारीच्या सगळ्या ओळी चालतच होत्या. म्हणून आकड्याचं लक्ष्य ठेवू नका. अंधारात राहिलेले कोपरे दाखवणारा नकाशा म्हणून ते वापरा, आणि फाटे मोजणारा पर्याय चालू करा, म्हणजे ‘जर’च्या दोन्ही वाटा दिसतात.

वेगासाठी पायटेस्टचा सर्वांत मंद दहा टेस्ट दाखवणारा पर्याय पुरतो. आमचा निम्म्याहून जास्त वेळ चार टेस्ट खात होत्या, आणि त्या पुन्हा पुन्हा नुसत्या ‘पाच सेकंद थांब’ करत होत्या. ठरावीक वेळ थांबण्याऐवजी हवी ती गोष्ट घडेपर्यंतच थांबा असं लिहिलं आणि संच अकरा मिनिटांवरून चारवर आला. टेस्ट आपोआप चालवणाऱ्या गिटहब ॲक्शन्सवर वेळेची मर्यादाही घाला. काही सांगितलं नाही तर अडकलेलं काम ३६० मिनिटं चालू राहतं. आम्ही १० मिनिटं ठेवली आहेत.

बदल पाठवताना

प्रकल्प दुसऱ्यांचा असेल तर आधी इश्यू (प्रकल्पाच्या पानावरची चर्चेची नोंद) उघडून विचारा. ‘तुमच्या टेस्ट सुधारतो’ असं मोघम लिहू नका. ‘ही ओळ काढली तरी एकही टेस्ट पडत नाही’ असं दाखवा. तेवढ्या एका वाक्यावर सांभाळणारी माणसं ऐकतात. एका पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे ‘हा बदल आत घ्या’ या विनंतीत, एकच गोष्ट ठेवा. टेस्टचा बदल आणि कोडचा बदल मिसळू नका, नाहीतर तपासणाऱ्याला कशामुळे काय झालं ते कळत नाही. माहीत असलेला पण अजून न सुटलेला दोष ‘नापास अपेक्षित’ म्हणून नोंदवा आणि तो कडक प्रकारात ठेवा, म्हणजे कुणी दोष सोडवला की टेस्ट आपणहून हाक मारते.

मराठी माध्यमातून आलेली आमची मुलं इंग्रजी लिहायला लाजतात. चार साधी वाक्यं पुरतात: काय मोडलं होतं, ते कसं दाखवायचं, टेस्ट आधी तांबडी होती त्याचा मजकूर, आणि आता काय दिसतं. देवनागरी न वाचणाऱ्या माणसासाठी प्रत्येक उदाहरणाशेजारी एक टिपणी घाला. आमच्या टेस्टमध्ये ‘दऱ्या’पुढे ‘व्हॅलीज’ आणि ‘दर्या’पुढे ‘सी’ एवढंच लिहिलेलं आहे. शोधासाठी जी तयार कोड-लायब्ररी आम्ही वापरतो तिच्या मूळ प्रकल्पाकडे आम्ही हीच टेस्ट पाठवली. सांभाळणाऱ्या बाईंना मराठी येत नाही; त्यांनी त्या दोन टिपण्या वाचल्या, स्वतः कोडमधली संबंधित ओळ मोडून टेस्ट तांबडी होते का ते पाहिलं आणि बदल आत घेतला.